काजव्यांच्या गावी हायमास्ट

मे महिना उतरणीला लागतो, वळवाच्या एकदोन सरी पडतात आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यावर शुक्रवार संध्याकाळपासून गाड्यांची रांग लागते. घोटीहून बारीमार्गे आलेल्या मुंबई-नाशिकच्या गाड्या आणि संगमनेर-राजूरकडून आलेल्या पुण्याच्या गाड्या शेंडी गावात एकत्र येतात. मग धरणाला वळसा घालत मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांतून रात्रभर फिरत राहतात. टेंटमध्ये मुक्काम, रात्रीचं जेवण, बार्बेक्यू, सकाळचे पोहे आणि काजवे असं पॅकेज मिळतं. याला काजवा महोत्सव म्हणतात. राजमाची, पुरुषवाडी, भीमाशंकर इकडेही जूनचा पहिला पंधरवडा संपेपर्यंत कमी-अधिक गर्दीने हेच चालतं.

मग दरवर्षीचा ठरलेला वाद. निसर्गप्रेमी म्हणतात, बंद करा. व्यवसाय करणारे म्हणतात, लोकांनी काजवे पाहिलेच नाहीत तर ते जपावेत असं त्यांना वाटणार कसं? मला पहिली मागणी अन्यायाची वाटते आणि दुसरा युक्तिवाद भाबडा. काजवे पाहायला लोकांनी जरूर जावं, पण गावाने ठरवलेल्या संख्येत आणि गावाच्या अटींवर. आणि पंधरा-वीस दिवसांच्या पाहुण्यांवर जेवढा वाद होतो, तेवढा तरी बारा महिने जळणाऱ्या दिव्यांवर व्हावा.

ही गर्दी आली कुठून, ते आधी पाहू. काजवे काही नव्याने आलेले नाहीत. नवा आहे तो फोटो. एखादं सादड्याचं किंवा हिरड्याचं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी लगडलेलं, खाली गवतातही तेच. असा फोटो काढताना कॅमेरा तिकाटण्यावर ठेवतात, प्रत्येक वेळी वीस-तीस सेकंद झडप उघडी राहील असे तासभर, कधी दोन तास फोटो काढत राहतात आणि नंतर ते सगळे संगणकावर एकावर एक रचतात. दोन तासांत जिथे जिथे काजवा चमकून गेला, ते सगळे ठिपके एकाच चौकटीत येतात. ही कला आहे आणि तिला माझी हरकत नाही. पण तो क्षण कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेला नसतो. प्रत्यक्षात झाडावरून उजेडाची एक लाट सरकते, विझते, क्षणभर काळोख, पुन्हा लाट. हे दृश्य फोटोपेक्षा कितीतरी सुंदर आहे, फक्त ते पाहायला डोळे अंधाराला सरावावे लागतात आणि त्याला वीसेक मिनिटं लागतात. चार तास गाडी चालवून आलेल्या, मनात फोटो घेऊन आलेल्या माणसाकडे ती वीस मिनिटं नसतात. तो मोबाइल काढतो. मोबाइलमध्ये काळं चित्र येतं. मग फ्लॅश, मग टॉर्च, मग कुणीतरी फांदी हलवतो. असा रचलेला फोटो जाहिरातीत वापरणाऱ्या प्रत्येकाने, त्यात सरकारी पर्यटन खातीही आली, त्याखाली ‘इतक्या वेळातले इतके फोटो एकत्र’ असं छापायला हवं. अर्धी निराशा आणि त्यातून होणारा अर्धा धुडगूस तिथेच कमी होईल.

त्या टॉर्चने नेमकं काय बिघडतं? काजवा हा माशी नव्हे, भुंगेऱ्याच्या कुळातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. पोटाच्या शेवटच्या खंडांत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज हे विकर आणि प्राणवायू यांची क्रिया होऊन उष्णता जवळजवळ न देणारा उजेड तयार होतो. झाडावर किंवा हवेत चमकतात ते बहुतेक नर. मादी बऱ्याचदा खाली, गवतात नाहीतर झुडपाच्या पानावर बसलेली असते आणि आपल्या जातीच्या नराची लकब ओळखून ठरावीक वेळाने उत्तर देते. हा सगळा संवाद उजेडाच्या लयीतला आहे. हेडलाइटच्या झोतात तो ऐकूच येत नाही म्हणा ना. प्रौढ काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो, कित्येक जातींत तो या काळात काही खातही नाही, अळी असताना साठवलेल्या शिदोरीवरच त्याला जोडीदार शोधायचा असतो. इतक्या थोड्या रात्रींतल्या शनिवार-रविवारच्या रात्री हिशेबातून गेल्या की काय उरतं? शिवाय मादी खाली असते आणि माणूस चालतो तोही खालीच. मेक्सिकोत नानाकामिल्पाच्या जंगलात जी जात पाहायला झुंडी जातात, तिच्या मादीला उडताच येत नाही. तिथे पायाखाली येणं हाच मोठा धोका ठरला आहे.

आता ‘पाहिलं की प्रेम वाटतं आणि प्रेम वाटलं की माणूस जपतो’ या म्हणण्याकडे वळतो, कारण महोत्सवाचं सगळं समर्थन याच खांबावर उभं आहे.

आपल्या साहित्यात काजव्याला प्रेम सोडाच, साधा मानही मिळालेला नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेचा अर्थ सांगायला निघालेलं आपलं धाडस किती थिटं आहे हे सांगताना ज्ञानदेव विचारतात, ‘येऱ्हवीं भानुतेजीं काय खद्योता । शोभा आथी ॥’ म्हणजे सूर्याच्या तेजापुढे काजव्याची ती काय शोभा? संस्कृत सुभाषितात काजव्याची मिजास चंद्र उगवेपर्यंतच टिकते. हिंदीतल्या प्रसिद्ध दोह्यात सूरदास सूर्य, तुलसीदास चंद्र, केशवदास तारकांचा पुंजका आणि हल्लीचे कवी म्हणजे इथेतिथे चमकणारे काजवे. हा ‘हल्लीचे कवी’वाला टोमणा किती जुना आहे ते पाहून आजच्या कवींनी दिलासा घ्यावा. मुंगीचं नशीब याहून फार बरं. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडाली आणि तिने सूर्यच गिळला. तुकोबांच्या मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार. भुंग्याकडे तर ज्ञानदेवांनी फार नीट पाहिलेलं दिसतं. कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र सापडतो, या ओवीचा पहिला भाग घराच्या वाशाला गोल भोक पाडणारा सुतारभुंगा बघून आजही पडताळून घेता येतो. कुंभारणीच्या बाबतीत मात्र दृष्टान्ताने निरीक्षणावर मात केली. अळी कुंभारीण माशीचा ध्यास घेऊन घेऊन स्वतः कुंभारीण होते, असं सांगत कीर्तनं रंगली. खरं तर ती माशी अळीला डंख मारून लुळी करते, मातीच्या घरट्यात कोंडते आणि तिचं पिल्लू त्या जिवंत अळीवर वाढतं. भक्ताला दृष्टान्त गोड वाटतो, अळीला कुणी विचारलेलं नाही.

लोककथेत काजव्याला थोडं काम मिळालं आहे. सुगरण पक्षी आपल्या खोप्यात ओल्या मातीचे गोळे लावतो हे खरं आहे. त्या मातीत तो काजवे रोवून घरात दिवा लावतो, ही आपल्या लोकांची भर. बाकी काजवा म्हणजे थोबाडीत बसल्यावर डोळ्यांपुढे चमकतो तो. पण या उपेक्षेनेच त्याचं भलं झालं असं मला वाटतं. सातशे वर्षं ज्याला आपण क्षुद्रपणाचं उदाहरण म्हणून वापरलं, त्याला बघायला कुणी मुद्दाम डोंगर चढून गेलं नाही. गावातल्या पोरांनी मुठीत धरले, रुमालात बांधले, सकाळी विसरून गेले. एवढ्याने काजवा संपत नाही.

जपानमध्ये याच्या अगदी उलट घडलं. तिथे काजव्याला जेवढं प्रेम मिळालं तेवढं दुसऱ्या कुठल्या संस्कृतीने क्वचितच दिलं असेल. अकराव्या शतकातल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीत ‘होतारू’, म्हणजे काजवा, नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. त्यात नायक गेंजी पडद्याआडच्या तरुणीचा चेहरा एका राजपुत्राला दिसावा म्हणून खोलीत काजवे सोडतो. शाळेच्या निरोपसमारंभात पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलेलं गाणंही काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याच्या जुन्या चिनी गोष्टीवर आहे. हायकूंत काजवा हा उन्हाळ्याचा मानकरी. आणि या प्रेमाचं पर्यवसान कशात झालं? व्यापारात. लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बिवा सरोवराजवळच्या इशियामा इथल्या काजवे पकडणाऱ्यांचं वर्णन आहे. रात्री लांब बांबू घेऊन ते झाडांच्या फांद्यांवर फटके मारत. काजवे भोवळून खाली पडत. दोन्ही हातांनी ते वेचताना पिशवीत टाकण्यात वेळ जाऊ नये म्हणून माणूस ते तोंडात भरत जाई, तोंड भरलं की पिशवीत रिकामं करी. हा माल मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत आणि चहागृहांत जाई. रसिकांच्या बागेत रात्री काजवे सोडले जात, जेवणाबरोबर ते पाहिले जात. शिगा प्रांतातल्या मोरियामाचे काजवे इतके नावाजलेले की १९२४ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा मिळाला. काही दशकांत तिथले काजवे इतके घटले की तो दर्जा काढून घ्यावा लागला. पकडणाऱ्यांनी सुरुवात केली होती, पुढचं काम सांडपाण्याने, कीटकनाशकांनी आणि ओढ्यांच्या सिमेंटी काठांनी केलं.

पुढे जपानी गावांनीच ओढे स्वच्छ केले, काजव्याच्या अळ्या ज्या गोगलगायी खातात त्या पाण्यात वाढवल्या आणि काही ठिकाणी काजवे परत आणले, हेही खरं आहे. म्हणजे प्रेम अगदीच वाया जात नाही. पण उपयोगी पडलं ते ओढ्यापर्यंत पोहोचलेलं प्रेम. चमकणाऱ्या किड्यापाशी थांबलेल्या प्रेमाने किडा विकत घेतला. भंडारदऱ्याला येणारा पर्यटक आज यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे सांगायला नकोच.

मग बंदीच का नको? कारण बंदीची किंमत कोण मोजणार हे मला दिसतं. या भागातली गावं मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. प्रवरेवरचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला गेलं, त्या उसावर साखर कारखाने उभे राहिले, आणि वरच्या गावांकडे उरली पावसाळी भातखाचरं. घाटघरला २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प झाला. याच डोंगरांवर १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झालं, त्याची बंधनं पुन्हा याच लोकांवर. आता मे अखेरीस, हाताला काम नसताना आणि पेरणीच्या बियाण्याला पैसे हवे असताना, झुणका-भाकरीच्या दोन ताटांचे आणि वाटाड्याच्या मजुरीचे पैसे मिळायला लागले, तर शहरात बसून ‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे. शिवाय बंदी घातली की गर्दी बंद होत नाही, पुढच्या डोंगरावर जाते, जिथे अडवायला कुणीच नसतं. इथल्या शेतकऱ्याच्या राबाकडेही बोट दाखवलं जातं. भाताची रोपं टाकायची जागा तो पालापाचोळा जाळून भाजून घेतो, तेव्हा अळ्या मरत नाहीत का? मरत असतील. पण राबाचे तुकडे छोटे असतात, ती पद्धत जुनी आहे आणि तिच्यासह इथे काजवे होते. डीजे आणि पाचशे गाड्यांसह ते टिकतील याची काही खात्री नाही.

जगात याहून शहाणपणाने हे केलं जातं. अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानात एकाच लयीत चमकणारे काजवे पाहायला जायचं तर गाडीच्या परवान्याची सोडत निघते. नाव लागलं तर जा, नाही तर पुढच्या वर्षी. टॉर्चला लाल कागद लावावा लागतो, कारण लाल उजेडाचा काजव्यांना फारसा त्रास होत नाही. मलेशियात काम्पुंग क्वांतानला गावकरी वल्ह्याच्या होडीतून नेतात, इंजिनाची होडी चालत नाही. मात्र तिथेही पर्यटन आवरून भागलं नाही. नदीकाठची झाडी तोडून लागवड वाढत गेली, तेव्हा काजवे घटू लागले आणि मग नदीकाठालाच कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. पाट्या लागतात, टॉर्च लावू नका, गोंगाट करू नका. पण पाटी रात्री अंधारात वाचायची तर टॉर्च लावावी लागते! नियम राबवायचा अधिकार आणि त्यातून मिळणारा पैसा एकाच हातात असल्याशिवाय हे जमणार नाही, आणि तो हात ग्रामसभेचा असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिलेला आहे. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे अशा आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं बळही आहे. एका रात्री किती माणसं घ्यायची ते गावाने ठरवावं. बाहेरच्या गाड्या शेंडीत उभ्या कराव्यात, पुढे गावच्या जीपा, शेवटचा टप्पा पायी आणि वाटाड्याशिवाय कुणी नाही. काही झाडं त्या वर्षापुरती कुणालाच दाखवायची नाहीत. फोटो काढणाऱ्यांसाठी वेगळी रात्र, वेगळं आणि चढं शुल्क. टेंट नको, घरात मुक्काम करा. काजव्याचे कोष याच दिवसांत मातीत असतात आणि तंबूच्या जागेसाठी नेमका तोच पाचोळा झाडून काढला जातो. आणि ‘महोत्सव’ हे नाव काढून टाकावं. महोत्सव म्हटलं की मंडप येतो, मंडप आला की स्पीकर येतो आणि स्पीकरमागून नेते येतात.

यातलं सगळं जमलं तरी निम्मंच काम होईल. काजव्यांना धोका कशाचा, हे जगभरच्या अभ्यासकांना विचारून २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात अधिवास नष्ट होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं हे तीन धोके सर्वांत वर होते. पर्यटकाचा टॉर्च दहा मिनिटांनी विझतो. देवळापुढचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका, विझत नाही. गावोगाव आमदार निधीतून, खासदार निधीतून हे खांब उभे राहतात, उद्घाटनाच्या फलकावर नावं झळकतात, आणि पांढराफटक एलईडी उजेड गावाची गरज असो-नसो, शेजारच्या झाडीत रात्रभर पडत राहतो. रिसॉर्टवाले झाडांच्या बुंध्यांना खालून फोकस मारतात, तेही काजव्यांच्याच झाडांना. काजवे पाहायला आलेल्या पाहुण्यासाठी झाड उजळून ठेवायचं, हा विनोद फक्त आपल्याकडेच होऊ शकतो.

एक गोष्ट पॅकेजमध्ये येत नाही. पाऊस धरला की झाडांवरचा खेळ संपतो, पण काजवा संपत नाही. अंड्यांतून अळ्या निघतात, पुढचे कित्येक महिने त्या पाचोळ्यात आणि बांधाच्या ओलीत गोगलगायी, गांडुळं खात वाढतात. त्या अळ्याही मंद चमकतात, रात्री खाचराकडे जाणाऱ्या माणसाला दिसतात. त्या काळात कुणी गाडी घेऊन येत नाही. बांधावर तणनाशक मारलं, ओढ्याला काँक्रीटची भिंत घातली, डोंगरउतारावर बंगल्यांचे प्लॉट पाडले, याची बातमी होत नाही. पुढच्या मे महिन्यात किती काजवे चमकणार हे मात्र या ओल्या महिन्यांतच ठरतं.

हायमास्टला विरोध केला की लगेच प्रश्न येतो, शहरातल्यांना उजेड आणि आदिवासींनी अंधारात राहायचं का? प्रश्न रास्त आहे. बिबट्याचा वावर आहे, साप आहेत, रात्री-अपरात्री बाई दवाखान्यात न्यावी लागते. गावाला दिवा हवाच. पण तो तीस-चाळीस फूट उंचीवरून चारी दिशांना ओतलेला पांढरा उजेडच असला पाहिजे असं कुठे आहे? वरून झाकलेला, पायवाटेपुरता खाली पडणारा, पिवळसर आणि कमी शक्तीचा दिवा जास्त उपयोगी असतो, कारण त्याने डोळे दिपत नाहीत आणि पुढची वाट दिसते. रानाच्या बाजूचे दिवे मे अखेरपासून तीन आठवडे संध्याकाळी साडेसात ते दहा बंद ठेवायला एक साधं टायमर पुरतं. अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या गावांत यापुढे हायमास्ट मंजूर करायचा नाही आणि आहेत त्यांच्या जागी असे झाकलेले दिवे त्याच निधीतून द्यायचे, एवढा निर्णय जिल्हा नियोजन समितीला घेता येईल. अडचण एकच आहे. अशा बुटक्या दिव्याखाली उद्घाटनाचा मोठा फलक लावता येत नाही.